डबा लपवायची जागा

जिओकॅशिंग म्हणजे एकाने डबा लपवायचा आणि बाकीच्यांनी जीपीएसवरून तो शोधायचा, असा खेळ. त्यात पुलाखाली किंवा स्टेशनच्या पार्किंगमध्ये डबा लपवला की शोधायला खरी मजा, असं काही जण म्हणतात. मजा येत असेल, पण ठाण्यात नको राव! बेवारस वस्तूला हात लावू नका हे लोकलवाल्यांनी इतक्या वेळा ऐकलंय की काळी टेप गुंडाळलेला डबा दिसला तर कोणीही पोलिसांनाच फोन करणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. डबा पारदर्शक घ्या, बाहेर 'जिओकॅशिंगचा खेळ' असं मराठीतही ठळक लिहा. येऊरला जंगलात तर ठेवूच नका, तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, बिबट्याचं नंतर बघू, आधी वनखातं विचारेल.

या खेळाच्या सामानात पेन्सिलीचं कोणीच बोलत नाही. आपल्याकडच्या पावसात डब्यात नुसता दमटपणा शिरला तरी लॉगच्या कागदावर, म्हणजे डबा सापडलेले आपलं नाव लिहितात त्यावर, जेल पेनची शाई पसरते आणि नावं वाचता येत नाहीत, पेन्सिलीचं लिहिलेलं टिकतं. झाकणाला रबराची रिंग असलेला डबा बघा, कागद झिपच्या पिशवीत, आणि शोधून झाल्यावर झाकण लावताना रिंगमध्ये माती अडकलेली नाही ना तेवढं बोट फिरवून बघा, बरेच जण तिथेच घाई करतात.