डिपार्टमेंट स्टोअरला मराठीत काय म्हणायचं?

फोर्टची_फेरी: मावशीने स्वतःच्या लहानपणाबद्दल इंग्रजीत लिहिलंय, ७० च्या दशकातली मुंबई, आणि मी ते मराठीत करतेय. दिवाळीच्या आधी ती फाउंटनच्या अकबरअलीजमध्ये जायची, औषधं, बिस्किटं, खेळणी, फ्रॉक सगळं एकाच ठिकाणी. मी 'विभागीय भांडार' लिहिलं तर वाचणाऱ्या दोघींनाही ते सरकारी गोदाम वाटलं. विभागीय म्हटलं की आयुक्तच आठवतात. तुमच्या घरात त्या काळी काय म्हणायचे?

जुना_नायगावकर: आमच्याकडे 'अपनात जाऊन येते' असंच म्हणायचे. अपना बाजार १९४८ साली नायगावातच सुरू झाला, कामगारांच्या सहकारी संस्थेचा, त्यामुळे तो आम्हाला घरचाच वाटायचा. आई 'बाजारात जाते' म्हणाली तर मासळी आणि 'अपनात जाते' म्हणाली तर साबण, साखर, शाळेच्या वह्या, कधी चादरी. हा फरक लहान मुलालाही कळायचा. वेगळ्या शब्दाची गरजच पडली नाही.

अमृता_वै: पण ते नाव झालं, शब्द नाही. 'सर्ववस्तू भांडार' लिहा. भांडार हा अस्सल शब्द आहे, संस्कृत भाण्डागार. भाण्ड म्हणजे नुसतं भांडं नाही, व्यापाराचा मालसुद्धा. भांडवल त्यातूनच आलं, भाण्डमूल्य. आपल्याकडे इतकी श्रीमंत परंपरा असताना स्टोअर कशाला?

रंकाळा७४: सर्ववस्तू भांडार कोण बोलतंय ओ? आमच्यात कोल्हापुरात नुसतं 'संघ'. शेतकरी सहकारी संघ, भवानी मंडपातला. खत बैल छाप तेही संघाचं आणि घरातलं वाणसामान तेही संघातनं. आजोबा गावाकडनं आले की आधी अंबाबाई मग संघ, आणि परत जाताना पिशवी जड.

अमृता_वै: बोलत नाहीत कारण आपण वापरत नाही. खादी भांडार सगळे म्हणतातच ना?

फोर्टची_फेरी: खादी भांडाराची गंमत म्हणजे दादाभाई नौरोजी रोडवर ते ज्या इमारतीत होतं ती मुळात व्हाइटअवे लेडलॉची, साहेबलोकांच्या डिपार्टमेंट स्टोअरची. तिथे उधारी नव्हती, म्हणून इंग्रज त्याला 'राइट अवे अँड पेड फॉर' म्हणायचे. म्हणजे एकाच इमारतीला दोन्ही शब्द लागू झाले.

धंतोली_नागपूर: शुद्धतेचं म्हणाल तर दुकान, बाजार, खरेदी तिन्ही फारसीतून आलेले. ते काढले तर आपण खरेदीला जायचं कुठे आणि काय म्हणून? आणि गल्ला घ्या. तुमच्या मुंबई-पुण्याकडे गल्ला म्हणजे पैशाची पेटी. आमच्याकडे आजी गल्ला म्हणजे धान्य म्हणायची, हिंदीसारखं. मूळ अरबी अर्थ पीक, उत्पन्न असाच आहे. धान्य विकून आलेला पैसा, मग तो ठेवायची पेटी, असा प्रवास झाला असावा असं मला वाटतं.

अमृता_वै: रुळलेल्या शब्दांना माझा विरोध नाही, ते चारशे वर्षांत आपले झाले. पण आज दारात आलेला प्रत्येक शब्द आत घ्यायचा का, एवढाच प्रश्न आहे.

जुना_नायगावकर: डिपार्टमेंटल आज आलेला नाही हो. आमच्या चाळीतल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका 'डिपारमेंटल' म्हणायच्या. त्यांच्या तोंडी बसला तो शब्द मराठीच. मला तर मावशींच्या पुस्तकात तसाच्या तसा वाचायला आवडेल.

लक्ष्मीरोड: कापडाच्या दुकानाचे शब्द गेले त्याचं मला जास्त वाईट वाटतं. पांढऱ्या गादीवर बसायचं, मग तागे उलगडत यायचे, पन्हा किती विचारायचा, लग्नाचा बस्ता बांधायला सगळं घर जायचं. आणि 'जांगड' कोणाला आठवतंय का? आई दहा साड्या जांगड म्हणून घरी आणायची, आजीला दाखवायची, दोन ठेवून बाकीच्या परत. दुकानदार पावतीही मागायचा नाही. परवा भाचीला सांगितलं तर म्हणे असा शब्दच नाही, जांगडगुत्ता म्हणायचंय का तुला?

धंतोली_नागपूर: आहे आहे. हिऱ्यांच्या बाजारात जांगड आजही रोज चालते. पण आमच्याकडे 'जाकड' म्हणायचे, ग नाही.

रंकाळा७४: आमच्या घरात दोन्ही नाही, 'पसंतीवर आणल्या' म्हणायचे.

अमृता_वै: जाकडच जुनं असणार, अनुस्वार नंतर आला असेल. जखडणे याच्याशी नातं असू शकेल, माल अडकून राहतो म्हणून.

लक्ष्मीरोड: अडकत कुठे होता, तो तर सुटा फिरायचा! परत करता येतो हाच जांगडेचा जीव.

फोर्टची_फेरी: मावशीच्या लिखाणातही हे आहे, तिने 'ऑन अप्रूव्हल' लिहिलंय आणि मी 'मान्यतेसाठी' केलं होतं. आता जांगडच घालते. लक्ष्मीरोड, तुम्ही 'जांगडेचा' लिहिलंत म्हणजे तुमच्याकडे ती जांगड का? मला 'ते जांगड' ऐकल्यासारखं आठवतंय.

लक्ष्मीरोड: ती जांगड. आई 'जांगडेच्या साड्या' म्हणायची.

धंतोली_नागपूर: आमच्याकडे तो जाकड. 'जाकडाचा माल'.