लिनक्स सर्व्हरचा रोजचा स्नॅपशॉट बॅकअप : सोपी व्यवस्था सुचवावी

आमच्या कार्यालयात डेबियन या लिनक्स प्रणालीचे दोन सर्व्हर आहेत. एकावर सर्वांच्या सामायिक फाईली असतात, तर दुसऱ्यावर संकेतस्थळ आणि त्याचा मारियाडीबी डेटाबेस. आजवर रोज रात्री आरसिंक (दोन ठिकाणच्या फाईली जुळवून घेणारी आज्ञा) चालवून सगळे एका बाहेरच्या डिस्कवर उतरवत होतो. गेल्या आठवड्यात कोणाच्या तरी हातून एक फोल्डर पुसले गेले आणि ते आमच्या लक्षात येईपर्यंत आरसिंकने इमानेइतबारे बॅकअपमधूनही काढून टाकले होते. मागील काही दिवसांच्या प्रती आपोआप राहतील अशी, फारशी देखभाल न लागणारी व्यवस्था कृपया सुचवावी. डेटा सुमारे ३०० जीबी आहे.

प्रतिसाद १
आपल्या गरजेला आरस्नॅपशॉट हे बॅकअपचे साधन पुरेसे आहे. ते आतून आरसिंकच चालवते. मात्र न बदललेली फाईल पुन्हा न उतरवता आदल्या प्रतीतील फाईलशी हार्ड लिंकने (डिस्कवरील त्याच डेटाला दिलेले दुसरे नाव) जोडते, त्यामुळे सात दिवसांची सात पूर्ण फोल्डरे दिसली तरी जागा एका प्रतीएवढी आणि वर बदललेल्या फाईलींपुरतीच लागते. फाईल परत हवी असल्यास साधी कॉपी करायची. सात दैनिक व चार साप्ताहिक प्रती ठेवा आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणारी सोय) साप्ताहिक काम दैनिकाच्या थोडे आधी लावा. आरस्नॅपशॉटच्या कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाईलमध्ये दोन शब्दांच्या मधे टॅबच लागतो. मी स्पेस दिली होती आणि डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असल्याने अर्धी दुपार चूक शोधण्यात घालवली. कॉन्फिगटेस्ट (ही फाईल तपासणारी आज्ञा) चालवून ‘सिंटॅक्स ओके’ आल्याखेरीज पुढे जाऊ नका.

प्रतिसाद २
वरील सूचनेशी सहमत आहे, पण चालू डेटाबेसच्या फाईली थेट उचलू नयेत, कारण त्या अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत सापडू शकतात. तक्ते इनोडीबी या साठवण-प्रकाराचे असतील तर सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय देऊन आधी डंप (डेटाबेसची फाईलीत काढलेली प्रत) काढावा. ही फाईल रोज बदलणार, म्हणून तिची रोज पूर्ण प्रत साठेल, हे जागेच्या हिशेबात धरा. कार्यालयाबाहेरही एक प्रत हवीच. तिच्यासाठी रेस्टिक हे बॅकअपचे साधन बरे, कारण ते डेटा कूटबद्ध करूनच पाठवते.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. रात्री डिस्क जोडायची राहिली तर काय होईल?

प्रतिसाद १
माउंटचे (बाहेरची डिस्क जिथे जोडली जाते ते) रिकामे फोल्डर मागे उरले असेल, तर बॅकअप त्यातच उतरून सर्व्हरची मूळ डिस्क भरून जाईल. म्हणून स्नॅपशॉटचे फोल्डर माउंटच्या आत एक पायरी खाली ठेवा आणि कॉन्फिग फाईलमध्ये ‘नो-क्रिएट-रूट’ची किंमत १ करा, मग ते फोल्डर सापडले नाही तर काम तिथेच थांबते. डिस्कची फाईल-व्यवस्था एक्सफॅट असेल तर आधी ती ईएक्सटी४ करून घ्या, एक्सफॅटवर हार्ड लिंक होत नाहीत.