फॅन बेल्ट घरी बदलता येईल का?

प्रश्न (सिडको, नाशिक): सकाळी गाडी सुरू करताना बेल्ट किंचाळतो आणि आतल्या बाजूला आडव्या चिरा दिसतात. टेन्शनर (बेल्ट ताणून ठेवणारा भाग) ऑटोमॅटिक आहे. कसारा घाटातून मुंबईला जाण्यापूर्वी बेल्ट घरीच बदलावा का?

उत्तर १: अवश्य. इंजिन थंड असताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे, बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा फिरतो याचा फोटो घ्यावा आणि मगच टेन्शनर पान्याने फिरवून बेल्ट सैल करावा. प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर जाणवली तर बेअरिंग गेले आहे, आणि तिथे नवा बेल्टही टिकणार नाही.

उत्तर २: बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंपही याच बेल्टवर चालतो, म्हणून घाटापूर्वी बदललेला बरा. टायमिंग बेल्टला (इंजिनच्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा वेगळा बेल्ट) मात्र घरी हात लावू नये.