कालव्यामुळे थरच्या वाळवंटाचे हवामान बदलले आहे का?

मरुप्रवासी

नोकरीनिमित्त मी गेली चार वर्षे बिकानेरच्या उत्तरेला, इंदिरा गांधी कालव्याच्या लाभक्षेत्रात राहतो. सतलज आणि बियास यांच्या संगमाखालील हरिके बंधाऱ्यातून निघालेल्या या कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले, आणि जिथे पूर्वी वाळूचे टिब्बे होते तिथे आज गहू, मोहरी आणि भुईमूग उभा असतो. गावातील वृद्ध सांगतात की कालवा आल्यापासून धुळीची वादळे कमी झाली, पण पावसाळ्याच्या तोंडावर रात्री पूर्वीसारख्या गार होत नाहीत. गेल्या जूनमध्ये माझ्या खोलीतला कूलर नुसती ओली हवा फेकत होता. त्याच आठवड्यात जैसलमेरजवळच्या एका कोरड्या गावात मात्र तशाच कूलरपुढे बसून मला पांघरूण घ्यावे लागले. हिरवळ वाढली की पाऊसही वाढतो, असे इथे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य किती?

वातकुक्कुट

कूलरचा अनुभव अगदी बोलका आहे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनातून गारवा देतो, आणि तुमच्या भोवतीच्या हवेत शेतांनी आधीच पुष्कळ बाष्प सोडलेले असते. ओलिताच्या जमिनीवर उन्हाच्या उष्णतेचा मोठा हिस्सा माती तापवण्याऐवजी पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो, त्यामुळे दुपारचे तापमान उतरते. पण तेच बाष्प जमिनीतून रात्री बाहेर पडणारी उष्णता अडवते आणि अंगावरचा घामही वाळू देत नाही. तापमापीवरचा आकडा कमी दिसला म्हणून शेतात राबणाऱ्या माणसाचा त्रास कमी झाला, असे समजू नये.

पावसाचे गणित वेगळे आहे. हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांनी १९७५ साली साहेलविषयी, म्हणजे आफ्रिकेतील सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या पट्ट्याविषयी, मांडले की चराईने गवत गेले की फिकट वाळू अधिक प्रकाश परत फेकते, जमिनीला कमी ऊर्जा मिळते, वरची हवा खाली बसू लागते आणि ढग तयार होत नाहीत. त्यांनी आपल्या प्रारूपात हे परावर्तन १४ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर नेले होते. पुढील संशोधनातून साहेलच्या दुष्काळाचे मुख्य कारण समुद्राच्या तापमानात सापडले. वनस्पतींच्या ऱ्हासाने तो दुष्काळ अधिक तीव्र केला. थरमध्येही वरून उतरणारी कोरडी हवा ढगांची वाढ खुंटवते, म्हणून नुसते बाष्प वाढवून पाऊस वाढेल, ही आशा मला निराधार वाटते.

माळरान

यात एक भर घालतो, कारण ‘हिरवे करणे’ म्हणजे दाट झाडे लावणे, हा समज मला फार घातक वाटतो. इस्रायलमधील यातीर येथे, वर्षाला सुमारे २८० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात, १९६४पासून पाइनचे जंगल वाढवले गेले. गडद झाडे उघड्या जमिनीपेक्षा जास्त ऊन शोषतात, त्यामुळे त्यांनी साठवलेल्या कार्बनचा फायदा ही जादा उष्णता भरून काढण्यात कित्येक दशके खर्ची पडतो, असे तिथल्या मोजमापांतून दिसले.

थरची खरी वनस्पती म्हणजे सेवण गवत आणि खेजडी, म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. सेवणाची मुळे वाळू धरून ठेवतात, आणि खेजडीची सावली इतकी विरळ असते की तिच्याखाली बाजरी पिकते. याउलट जोधपूर संस्थानाने मोठ्या हौसेने आणलेली वेडी बाभूळ आज गोचरांवर, म्हणजे गावाच्या चराऊ कुरणांवर, पसरून गवत मारते आहे. धूळ रोखायची असेल तर आधी ओरण (देवाच्या नावाने राखलेली गावराने) आणि गोचर राखावेत. तिथला नांगर आणि तिथली कुऱ्हाड थांबणे मला नव्या वृक्षारोपणापेक्षा अधिक गरजेचे वाटते.

मरुप्रवासी

दोघांचेही आभार. आमच्या वसाहतीमागे सेवणाचा एक जुना पट्टा आहे आणि त्याला लागूनच कालव्याचे पाणी मुरून पांढरी पडलेली जमीन आहे. इथले लोक तिला ‘सेम’ म्हणतात. येत्या उन्हाळ्यात दोन्हीकडे आणि भुईमुगाच्या शेतात हवेतला ओलावाही कळावा म्हणून कोरडी व ओली तापमापी लावून पहाटेच्या आणि दुपारच्या नोंदी ठेवीन, आणि त्या इथेच देईन.