बाळंतिणीची नैराश्य चाचणी : फॉर्म कधी, कसा

डिस्चार्जच्या दिवशी एडिनबर्ग प्रश्नावली (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्याचा फॉर्म) भरून घेतली की पुरे, हे पटत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक बाळंतिणींना रडू येतं, ते दोन आठवड्यांत ओसरतं. शिवाय प्रश्न मागच्या 7 दिवसांबद्दल असतात, म्हणजे त्यात प्रसूतीचा दिवसही आला. 6 आठवड्यांच्या तपासणीला चाचणी पुन्हा घ्यायलाच हवी.

10 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 3, एकूण 30 गुण. 13 किंवा जास्त आले तर डॉक्टरांनी सविस्तर बोलावं. पण बेरजेआधी दहावा प्रश्न बघा, स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. बेरीज 6 असो, तिथे 1 जरी असला तरी तिला एकटं न सोडता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि कृपा करून फॉर्म भरताना नवरा, सासू बाहेर थांबू देत. शेजारी कुणी असलं की पेन शून्याकडेच सरकतं.

सौम्य त्रासाला समुपदेशन. तीव्र असेल तर सर्ट्रालिन, ही नैराश्यावरची गोळी. ती दुधात फार कमी उतरते, स्तनपान थांबवावं लागत नाही. गोळीचा परिणाम दिसायला 2 ते 4 आठवडे लागतात, हे आधीच सांगा, नाहीतर आठवड्यात गोळ्या बंद होतात. पूर्वी कधी उन्मादाचा (अतिउत्साह, झोपेची गरजच न वाटणं) झटका आला होता का, हे मात्र पहिल्या गोळीआधी विचारा. बायपोलर (नैराश्य आणि उन्माद आलटून पालटून येणारा आजार) असेल तर नुसत्या या गोळीने उन्माद उसळू शकतो.