घराच्या संरक्षणासाठी पिस्तूल घ्यावे का?

नीलमोहर :
आम्ही अमेरिकेत राहतो. शेजारच्या घरात माणसे झोपलेली असताना चोर शिरले, आणि तेव्हापासून पिस्तूल घेण्याचा विषय आमच्याकडे रोज निघतो. पोलीस येईपर्यंतची मिनिटे आपली आपल्यालाच निभवावी लागतात, हे यजमानांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. पण घरात १६ वर्षांचा मुलगा आहे, आणि तो हल्ली जेवायलाही खोलीबाहेर येत नाही. शस्त्रनियंत्रणावर दोन्ही बाजू इतक्या तावातावाने भांडतात, की आम्ही काय ठरवावे ते समजत नाही.

सह्याद्री :
यजमानांचा मुद्दा कायद्याला धरून आहे. स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक बाळगणे हा अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने व्यक्तीला दिलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले आणि वॉशिंग्टन शहरातील पिस्तूलबंदी रद्द केली. आडवस्तीत एकट्या राहणाऱ्या बाईला 'पोलिसांना फोन करा' एवढेच सांगून मोकळे होणे मला निर्दयपणाचे वाटते. बंदुकीमुळे घरातच खून होण्याचा धोका वाढतो, यासाठी केलरमन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासाचा दाखला देतात. पण ज्यांच्या जिवावर आधीच कोणी उठलेले असते तेच बंदूक घेतात, ही शक्यता त्यातून पुरती दूर होत नाही.

उत्तरायण :
तो आक्षेप रास्त आहे. मात्र त्या अभ्यासातील बहुतेक बळी नातेवाइकाच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या हातून गेले होते, हेही विसरता येत नाही. शिवाय चोर आणि खून यांवरच वाद घालत राहिलो, की सर्वांत मोठा आकडा नजरेआड होतो : २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसे मेली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. जिवाचे बरेवाईट करण्याची ऊर्मी अनेकदा थोडा वेळच टिकते. त्यासाठी औषधाच्या गोळ्या खाणारे बहुतेक जण वाचतात. स्वतःवर बंदूक चालवणाऱ्या दहांपैकी जवळजवळ नऊ जण वाचत नाहीत. इस्रायलच्या लष्कराने २००६ मध्ये आठवड्याच्या सुट्टीवर जाणाऱ्या सैनिकांना शस्त्र छावणीतच ठेवायला लावले, तेव्हा सैनिकांमधील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः त्या सुट्टीच्याच दिवसांतली होती. ताई, तुमच्या पत्रात मला चोरापेक्षा मुलाची काळजी अधिक वाटली.

सह्याद्री :
मुलाविषयीचे वाक्य मी पुन्हा वाचले, आणि इथे माझे उत्तरायण यांच्याशी दुमत नाही. हेलर निकालानेही अपघात टाळण्यासाठी शस्त्र कसे ठेवावे याचे नियम करण्यास मज्जाव केलेला नाही, त्यामुळे हक्क मानणाऱ्याला कुलूप अपमानास्पद वाटण्याचे कारण नाही. माझ्याकडचे पिस्तूल रिकामे करून तिजोरीत असते, काडतुसे दुसऱ्या कुलपात असतात, आणि तिजोरीचा आकडा कोणाच्याही जन्मतारखेवरून सुचणारा नाही. तरीही तुमच्या घरात आज ते येऊ नये असेच मी सांगेन, कारण घरातल्या १६ वर्षांच्या मुलाला किल्ली कुठे असते ते बहुधा ठाऊक असते. दाराच्या चौकटीला लांब स्क्रू, मागच्या अंगणात हालचालीने लागणारा दिवा आणि धोक्याची घंटा एवढे या आठवड्यात करून घ्या. मुलाला डॉक्टरांकडे न्या, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का हे त्याला सरळ विचारा, आणि ९८८ हा मदतीचा क्रमांक, जो रात्रीअपरात्रीही उचलला जातो, तुमच्या दोघांच्या आणि त्याच्याही फोनमध्ये आजच घालून ठेवा.