श्रीलंका 2019-22: जगातली पत नेमकी कोणत्या निर्णयाने गेली?

प्रश्न: रोखेवाचक
12 एप्रिल 2022 ला श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली, 1948 नंतर पहिल्यांदाच. खापर बहुतेक वेळा चिनी कर्जावर फुटतं. पण मूडीज या पतमानांकन संस्थेने देशाचं मानांकन दोन पायऱ्या खाली आणून सीएए1 (फेड बुडण्याचा मोठा धोका) केलं ते सप्टेंबर 2020 मध्ये, म्हणजे दीड वर्ष आधी. मग विश्वास उडाला कुठे? करकपात, खतबंदी की आणखी काही?

महसूलमित्र
सुरुवात करकपातीपासूनच. डिसेंबर 2019 मध्ये व्हॅट 15 वरून 8 टक्के केला. त्याहून घातक बदल नोंदणीच्या मर्यादेत होता: वार्षिक उलाढाल 1.2 कोटी श्रीलंकन रुपयांवरून थेट 30 कोटी. हजारो व्यवसाय जाळ्याबाहेर गेले. दर पुन्हा वाढवता येतो, पण सुटलेले करदाते परत नोंदवायला वर्षं जातात. करमहसूल जीडीपीच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होता, तो वर्षभरात आठवर आला. कोविडने पर्यटन बुडवलं हे खरं, पण कपात कोविडच्या आधीची आहे.

चीनबद्दल: सरकारी कंपन्यांची कर्जं धरूनही परकीय कर्जात चीनचा वाटा साधारण एक पंचमांश. आंतरराष्ट्रीय रोख्यांचा (परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या कर्जपत्रांचा) वाटा एक तृतीयांशाहून जास्त. हे रोखे नवे विकून जुने फेडायचे असतात. मानांकन घसरलं आणि तो रस्ताच बंद झाला.

गंगाजळी
करकपात ही चूक होती, पण सुधारता आली असती. माझ्या मते खरा घात नंतरच्या हट्टाने केला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे (आयएमएफ) जायचं नाही आणि डॉलर दोनशे रुपयांच्या आसपास धरून ठेवायचा, असा तो हट्ट. काळ्या बाजारात डॉलरला जास्त भाव मिळत असल्यामुळे परदेशातले कामगार हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरच्या मार्गाने पैसे पाठवू लागले. अधिकृत मार्गाने येणारी रक्कम 2020 मध्ये 7.1 अब्ज डॉलर होती, 2021 मध्ये 5.5 अब्ज. गंगाजळीचे (परकीय चलनसाठ्याचे) आकडे वाचताना एक वजाबाकी करायलाच हवी. 2021 अखेरीस 3.1 अब्ज डॉलर दिसत होते, त्यातला जवळपास निम्मा भाग चीनच्या मध्यवर्ती बँकेशी झालेल्या स्वॅपचा (चलन-अदलाबदलीच्या कराराचा) होता, आणि तो अटींमुळे वापरता येत नव्हता.

अशा अवस्थेत 18 जानेवारी 2022 ला 50 कोटी डॉलरचा रोखा पूर्ण फेडला. "आम्ही कधीच हप्ता चुकवलेला नाही" हा लौकिक राखायला. तेव्हा स्वयंपाकाचा गॅस आणि दूध पावडर मिळत नव्हती. मार्चमध्ये रुपयाचा धरून ठेवलेला दर सोडून द्यावा लागला आणि मेपर्यंत डॉलर 360 च्या घरात गेला.

बंदरावरचा
रोखेधारकांइतकीच सरकारांशी असलेली पतही बघा. कोलंबोचा जपानी कर्जावरचा लाइट रेल प्रकल्प सप्टेंबर 2020 मध्ये एकतर्फी रद्द. कोलंबो बंदरातल्या ईस्ट कंटेनर टर्मिनलचा भारत-जपानशी 2019 मध्ये झालेला करार फेब्रुवारी 2021 मध्ये मोडला. मे 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी, नोव्हेंबरमध्ये माघार. त्याच काळात चिनी सेंद्रिय खताच्या जहाजात घातक जिवाणू आढळल्याचं सांगून माल नाकारला. चीनने श्रीलंकेच्या सरकारी पीपल्स बँकेला काळ्या यादीत टाकलं, आणि माल न उतरवताच साठ लाखांहून जास्त डॉलर मोजावे लागले. पुढे कर्ज पुनर्रचनेसाठी (फेडीच्या अटी बदलून घेण्यासाठी) कर्ज देणाऱ्या देशांची समिती बसली, तिचे सहअध्यक्ष भारत, फ्रान्स आणि तोच जपान.

रोखेवाचक
म्हणजे 2021 मध्येच फेड थांबवून नाणेनिधीकडे गेले असते तर?

गंगाजळी
तर ते 50 कोटी औषधं-इंधनाला उरले असते आणि वाटाघाटी हातात डॉलर ठेवून झाल्या असत्या. प्रत्यक्षात मे 2022 मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की वापरता येणारी गंगाजळी 5 कोटी डॉलरहूनही कमी आहे. नाणेनिधीची मंजुरी मार्च 2023 मध्ये आली, जुन्या रोख्यांच्या जागी नवे देण्याची अदलाबदल डिसेंबर 2024 मध्ये. शिवाय जुलै 2022 मध्ये फेडायच्या रोख्यात एकाच धारकाकडे पाव हिश्श्याहून जास्त वाटा होता. पुनर्रचना अडवायला तेवढा पुरतो, आणि त्याने न्यूयॉर्कमध्ये दावाही ठोकला.